आशुतोष मुखोपाध्याय

सर आशुतोष मुखोपाध्याय ऊर्फ आशुतोष मुखर्जी (जन्म : कोलकाता, २९ जून १८६४, मृत्यू : पाटणा, २५ मे १९२४) हे बंगालमधील गणितज्ञ, कायदेपंडित, न्यायाधीश आणि शिक्षणतज्ज्ञ होते. १९०६ ते १९१४ आणि पुन्हा १९२१ ते १९२३ या काळात ते कलकत्ता विद्यापीठाचे कुलगुरू होते. संलग्न महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांच्या परीक्षा घेऊन पदव्या देणे एवढेच मुख्य काम असलेल्या या विद्यापीठाला त्यांनी अध्यापनाचे आणि संशोधनाचे केंद्र बनविले. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित यांबरोबर प्राचीन भारतीय इतिहास, तौलनिक भाषाशास्त्र, पाली, तिबेटी, मानसशास्त्र, मानववंशशास्त्र, कलेतिहास आणि आधुनिक भारतीय भाषा या विषयांचे उच्च संशोधन त्यांच्या काळात एकाच विद्यापीठाच्या छत्राखाली सुरू झाले. करारी स्वभावामुळे ते बंगालचा वाघ या नावाने ओळखले जात.

जन्म आणि बालपण

आशुतोष यांचा जन्म कोलकात्यातील बहूबाजार भागात झाला. त्यांचे मूळ घराणे हुगळी जिल्ह्यातील जिरात या गावचे. वडील गंगाप्रसाद मुखोपाध्याय हे डॉक्टर होते. आईचे नाव जगत्तारिणी देवी. पुढे हे कुटुंब दक्षिण कोलकात्यातील भवानीपूर येथे स्थायिक झाले आणि आशुतोष यांचे सारे आयुष्य याच भागात गेले.

मुलाच्या शिक्षणाकडे गंगाप्रसाद यांचे बारकाईने लक्ष असे. लहानपणी एका पुस्तकाच्या दुकानात ईश्वरचंद्र विद्यासागर यांची भेट झाली आणि त्यांनी आशुतोष यांना रॉबिन्सन क्रूसोची प्रत भेट दिली, अशी आठवण चरित्रकारांनी नोंदविली आहे. ग्रंथसंग्रहाचा छंद त्यांना बालपणीच जडला आणि तो अखेरपर्यंत टिकला.

शिक्षण

भवानीपूरच्या साउथ सबर्बन शाळेतून आशुतोष १८७९ मध्ये विद्यापीठाची प्रवेश परीक्षा उत्तीर्ण झाले. या परीक्षेत त्यांचा दुसरा क्रमांक आला. १८८० मध्ये त्यांनी प्रेसिडेन्सी महाविद्यालयात प्रवेश घेतला. बी.ए. झाल्यानंतर १८८५ मध्ये गणित आणि १८८६ मध्ये भौतिक विज्ञाने या विषयांत त्यांनी एम.ए. केले. दोन विषयांत एम.ए. झालेले ते कलकत्ता विद्यापीठाचे पहिले विद्यार्थी होत.

१८८६ मध्येच त्यांना प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती मिळाली. ही कलकत्ता विद्यापीठातील सर्वांत मानाची शिष्यवृत्ती मानली जात असे. मुंबईतील कापसाचे मोठे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी विद्यापीठाला दिलेल्या देणगीतून ती सुरू झाली होती. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई मनोरा याच दात्याच्या देणगीतून उभा राहिला आणि त्याला त्यांच्या आईचे नाव देण्यात आले.

गणितातील संशोधन

महाविद्यालयात शिकत असतानाच, १८८१ मध्ये, युक्लिडच्या पहिल्या पुस्तकातील पंचविसाव्या सिद्धान्ताची नवी सिद्धता देणारे आशुतोष यांचे टिपण केंब्रिजच्या मेसेंजर ऑफ मॅथेमॅटिक्स या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्या वेळी त्यांचे वय सतरा वर्षांच्या आसपास होते. फ्रेंच गणितज्ञांचे ग्रंथ मुळातून वाचता यावेत म्हणून ते फ्रेंच भाषा शिकले. पुढील दशकात लंबवर्तुळी फलने आणि विकलक समीकरणे या विषयांवर त्यांचे अनेक निबंध प्रसिद्ध झाले. सर्व शंकुच्छेदांना लागू पडणाऱ्या मोंजच्या विकलक समीकरणाचा भूमितीय अर्थ त्यांनी लावला आणि या कामाची परदेशातील गणितज्ञांनी दखल घेतली. शंकुच्छेदांच्या भूमितीवर त्यांनी १८९३ मध्ये एक पाठ्यपुस्तकही लिहिले.

१८८६ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, एडिंबरोच्या रॉयल सोसायटीचे सदस्य म्हणून त्यांची निवड झाली. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ मध्ये स्थापन केलेल्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या संस्थेत ते काही वर्षे गणितावर व्याख्याने देत असत.

एवढी गुणवत्ता असूनही संशोधनालाच वाहून घेता येईल असे स्थान त्यांना देशात मिळाले नाही. विद्यापीठात त्या वेळी संशोधक प्राध्यापकांच्या जागाच नव्हत्या. सरकारी शिक्षण खात्यात युरोपीय आणि भारतीय अध्यापकांच्या श्रेणी आणि वेतन यांत भेद होता. खात्याने देऊ केलेली दुय्यम दर्जाची नोकरी आशुतोष यांनी नाकारली आणि ते कायद्याकडे वळले. बुद्धिमान भारतीय तरुणाला आपल्याच देशात संशोधन करता येऊ नये, हा अनुभव त्यांच्या पुढील सर्व कार्याच्या मुळाशी आहे.

वकिली आणि न्यायदान

१८८८ मध्ये कायद्याची पदवी घेऊन आशुतोष कलकत्ता उच्च न्यायालयात वकिली करू लागले. नामवंत कायदेपंडित रासबिहारी घोष यांच्याकडे त्यांनी उमेदवारी केली होती. हा संबंध पुढे विद्यापीठाच्या फार उपयोगी पडला. १८९४ मध्ये त्यांनी डॉक्टर ऑफ लॉ ही पदवी मिळविली. १८९८ मध्ये टागोर विधी प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली.

१९०४ मध्ये ते कलकत्ता उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. १९२३ अखेर निवृत्त होईपर्यंत ते या पदावर होते आणि १९२० मध्ये काही काळ त्यांनी प्रभारी मुख्य न्यायाधीश म्हणूनही काम पाहिले. सखोल अभ्यास, इतर देशांच्या कायद्यांचे संदर्भ आणि स्पष्ट मांडणी यांसाठी त्यांची निकालपत्रे प्रसिद्ध आहेत. कुलगुरुपद त्या काळी अवैतनिक असे. दिवसा न्यायालयाचे काम आणि सकाळ-संध्याकाळ विद्यापीठाचे काम, असा त्यांचा क्रम वर्षानुवर्षे चालला.

विद्यापीठात प्रवेश

कलकत्ता विद्यापीठाची स्थापना १८५७ मध्ये, मुंबई आणि मद्रास येथील विद्यापीठांबरोबरच झाली. लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर उभारलेल्या या तिन्ही विद्यापीठांचे मुख्य काम महाविद्यालयांना संलग्न करून घेणे आणि परीक्षा घेणे हे होते. शिकविण्याचे काम महाविद्यालये करीत. संशोधन हे कोणाचेच नेमून दिलेले काम नव्हते.

१८८९ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षाच्या आतबाहेर, आशुतोष विद्यापीठाचे फेलो झाले आणि थोड्याच काळात सिंडिकेटवर आले. १८९१ मध्ये त्यांनी अधिसभेपुढे वरच्या परीक्षांत देशी भाषांना स्थान देण्याचा प्रस्ताव मांडला. बंकिमचंद्र चट्टोपाध्याय आणि गुरुदास बंदोपाध्याय यांचा पाठिंबा असूनही तो फेटाळला गेला. आशुतोष यांनी हा विषय सोडला नाही. मात्र तो तडीस जाण्यास पुढे जवळजवळ तीस वर्षे लागली.

लॉर्ड कर्झन यांच्या कारकिर्दीत १९०२ मध्ये नेमलेल्या विद्यापीठ आयोगाच्या कामात आशुतोष स्थानिक सदस्य म्हणून सहभागी होते. त्यानंतर १९०४ चा भारतीय विद्यापीठ कायदा झाला. या कायद्याने विद्यापीठांवर सरकारी नियंत्रण वाढले म्हणून राष्ट्रीय विचाराच्या पुढाऱ्यांनी त्याला कडाडून विरोध केला. परंतु याच कायद्याने विद्यापीठांना स्वतः प्राध्यापक नेमण्याचा, ग्रंथालये आणि प्रयोगशाळा उभारण्याचा आणि संशोधनाला उत्तेजन देण्याचा अधिकारही दिला होता. नियंत्रणासाठी केलेल्या कायद्यातील हे कलम आशुतोष यांनी नेमके हेरले.

कुलगुरुपदाचा पहिला कालखंड (१९०६–१९१४)

३१ मार्च १९०६ रोजी आशुतोष कुलगुरू झाले. गुरुदास बंदोपाध्याय यांच्यानंतर या पदावर आलेले ते दुसरे भारतीय होत. दोन-दोन वर्षांच्या सलग चार मुदती त्यांनी पूर्ण केल्या. १९०८ मध्ये त्यांच्या पुढाकाराने कलकत्ता गणित मंडळाची स्थापना झाली आणि १९०९ मध्ये विद्यापीठाचे विधी महाविद्यालय सुरू झाले. दरभंग्याच्या महाराजांच्या देणगीतून ग्रंथालयासाठी इमारत उभी राहिली.

याच काळात विद्यापीठाची स्वतःची अध्यासने निर्माण होऊ लागली. अर्थशास्त्राचे मिंटो अध्यासन, गणिताचे हार्डिंज अध्यासन, तत्त्वज्ञानाचे पंचम जॉर्ज अध्यासन आणि प्राचीन भारतीय इतिहास व संस्कृतीचे कारमायकेल अध्यासन ही त्यांपैकी प्रमुख. अध्यासनांना व्हाइसरॉय, गव्हर्नर आणि सम्राट यांची नावे देण्यात व्यवहारी शहाणपण होते. तत्त्वज्ञानाच्या अध्यासनावर प्रथम ब्रजेंद्रनाथ शील यांची आणि १९२१ मध्ये सर्वपल्ली राधाकृष्णन यांची नेमणूक झाली.

१९१३ मध्ये सरकारशी पहिला मोठा खटका उडाला. विद्यापीठाने व्याख्याते म्हणून निवडलेल्या अब्दुल रसूल, अब्दुल्ला सुहरावर्दी आणि काशीप्रसाद जयस्वाल यांना सरकारने राजकीय कारणांवरून मान्यता नाकारली. अध्यापकाची निवड त्याच्या विद्वत्तेवरून व्हावी, सरकारच्या मर्जीवरून नव्हे, ही आशुतोष यांची भूमिका होती. सरकारने निर्णय बदलला नाही. परंतु सरकारी अनुदानावर विसंबून राहिल्यास काय होते, हे या प्रकरणाने स्पष्ट झाले.

विज्ञान महाविद्यालय

सरकारकडून पुरेसे साहाय्य मिळत नसल्यामुळे आशुतोष यांनी खाजगी दात्यांकडे प्रयत्न केले. १९१२ मध्ये बॅरिस्टर तारकनाथ पालित यांनी जमीन आणि पैसा मिळून सुमारे १५ लाख रुपयांची मालमत्ता विद्यापीठाला दिली. तिच्यातून भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र यांची अध्यासने निर्माण झाली. १९१३ मध्ये रासबिहारी घोष यांनी १० लाख रुपये दिले. त्यातून उपयोजित गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि वनस्पतिशास्त्र अशी चार अध्यासने झाली. ही अध्यासने भारतीयांनाच मिळावीत, अशी दात्यांची अट होती. ज्या अडचणीमुळे आशुतोष यांना गणित सोडावे लागले होते, तीच या अटीने दूर झाली.

२७ मार्च १९१४ रोजी, मुदत संपण्यास चार दिवस असताना, आशुतोष यांनी अपर सर्क्युलर रोडवरील पालित यांच्या जागेवर विज्ञान महाविद्यालयाची पायाभरणी केली. त्याच वर्षी जानेवारीत कोलकात्यात भारतीय विज्ञान परिषदेचे पहिले अधिवेशन भरले होते. त्याचे अध्यक्षही तेच होते.

रसायनशास्त्राच्या पालित अध्यासनावर प्रफुल्लचंद्र राय आले. भौतिकशास्त्राच्या पालित अध्यासनासाठी आशुतोष यांनी चंद्रशेखर वेंकट रामन यांची निवड केली. रामन तेव्हा सरकारच्या अर्थखात्यात अधिकारी होते आणि कचेरीचे काम आटोपून महेंद्रलाल सरकार यांच्या संस्थेत प्रयोग करीत. प्राध्यापक होणाऱ्याने आधी परदेशात प्रशिक्षण घ्यावे, अशी या अध्यासनाची अट होती. रामन यांनी ती मानण्यास नकार दिला. आशुतोष यांनी ती अट त्यांच्यापुरती दूर करविली आणि १९१७ मध्ये रामन अधिक पगाराची सरकारी नोकरी सोडून विद्यापीठात आले. याच अध्यासनावर असताना त्यांनी १९२८ मध्ये आपला सुप्रसिद्ध शोध लावला आणि १९३० मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

सत्येंद्रनाथ बसू आणि मेघनाद साहा हे नुकतेच एम.एस्सी. झालेले तरुण १९१६ मध्ये व्याख्याते म्हणून नेमले गेले. पहिल्या महायुद्धामुळे युरोपातून पुस्तके आणि उपकरणे मिळणे कठीण झाले होते. जे विषय शिकवायचे, ते या तरुणांना आधी स्वतःच शिकावे लागत. आइन्स्टाइन आणि मिंकोव्स्की यांच्या सापेक्षतेवरील निबंधांचा बसू आणि साहा यांनी जर्मनमधून केलेला इंग्रजी अनुवाद विद्यापीठाने १९२० मध्ये प्रसिद्ध केला. ताऱ्यांच्या वर्णपटांचा अर्थ लावणारे साहा यांचे आयनीभवनविषयक संशोधनही याच काळातील आहे.

पदव्युत्तर विभाग आणि विद्याशाखांचा विस्तार

१९१४ मध्ये कुलगुरुपद सोडल्यानंतरही विद्यापीठाच्या कारभारावर आशुतोष यांचाच प्रभाव होता. १९१७ मध्ये कला आणि विज्ञान या दोन शाखांसाठी पदव्युत्तर मंडळे स्थापन झाली. तोपर्यंत एम.ए.चे वर्ग निरनिराळ्या महाविद्यालयांत विखुरलेले होते. नव्या व्यवस्थेत ते विद्यापीठाने आपल्याकडे घेतले. जो शिकवील त्याने संशोधनही करावे, हे या व्यवस्थेचे सूत्र होते.

विषयांच्या निवडीत आशुतोष यांनी उपयुक्ततेचा संकुचित निकष लावला नाही. भारतातील पहिला मानसशास्त्र विभाग १९१६ मध्ये येथे सुरू झाला. ब्रजेंद्रनाथ शील या तत्त्वज्ञाने त्याचा आराखडा तयार केला होता. १९२१ मध्ये गिरींद्रशेखर बसू यांनी मनातील दमनक्रियेवर प्रबंध लिहून या विषयात डी.एस्सी. मिळविली. १९२० मध्ये मानववंशशास्त्राचा विभाग स्थापन झाला आणि तोही देशातील पहिलाच होता. केरळमधील जातीजमातींचे अभ्यासक एल. के. अनंतकृष्ण अय्यर यांना त्यासाठी बोलावण्यात आले. तिबेटीच्या अध्यापनासाठी सिक्कीममधील काझी दावा सामदुप आले. तौलनिक भाषाशास्त्र हा विषय इरच जहांगीर सोराबजी तारापोरवाला या पारशी विद्वानाकडे होता.

खैरा संस्थानाच्या देणगीतून आणखी पाच अध्यासने निर्माण झाली. त्यांपैकी भारतीय ललित कलेच्या राणी बागेश्वरी अध्यासनावर चित्रकार अवनींद्रनाथ ठाकूर यांची, भौतिकशास्त्राच्या अध्यासनावर मेघनाद साहा यांची आणि भाषाविज्ञानाच्या अध्यासनावर सुनीतिकुमार चट्टोपाध्याय यांची नेमणूक झाली. बंगाली भाषेच्या उगमाचा आणि विकासाचा सुनीतिकुमारांचा बृहद्ग्रंथ १९२६ मध्ये विद्यापीठाने प्रसिद्ध केला. ऑस्ट्रियन कलेतिहासकार स्टेला क्रॅमरिश यांनाही आशुतोष यांनी भारतीय कला शिकविण्यासाठी विद्यापीठात आणले.

इतिहासाच्या क्षेत्रात रमेशचंद्र मजुमदार आणि हेमचंद्र रायचौधरी हे तरुण अभ्यासक याच विभागात तयार झाले. मजुमदार यांचा प्राचीन भारतातील संघजीवनावरील ग्रंथ आणि रायचौधरी यांचा प्राचीन भारताचा राजकीय इतिहास ही या विभागातील संशोधनाची ठळक उदाहरणे होत.

नेमणुका करताना प्रांत, धर्म किंवा वय यांचा अडसर आशुतोष यांनी येऊ दिला नाही. दक्षिण भारत, महाराष्ट्र, संयुक्त प्रांत, सिक्कीम आणि युरोप येथील विद्वान बंगालमधील एका विद्यापीठात एकत्र आले. एका इमारतीत प्रकाशाच्या विकिरणाचे प्रयोग आणि दुसरीत पाली ग्रंथांचे पाठभेद, असे चित्र देशात प्रथमच दिसू लागले.

भारतीय भाषांचा अभ्यास

१८९१ मध्ये फेटाळलेला प्रस्ताव अखेर १९१९ मध्ये वेगळ्या रूपात साकार झाला. त्या वर्षी आधुनिक भारतीय भाषांचा एम.ए. अभ्यासक्रम सुरू झाला. मुख्य भाषेबरोबर दुसरी एखादी भारतीय भाषाही विद्यार्थ्याने अभ्यासावी, अशी त्याची रचना होती. बंगाली साहित्याचे इतिहासकार दिनेशचंद्र सेन यांचा या कामात मोठा वाटा होता. मातृभाषेचा उच्च अभ्यास संस्कृत किंवा इंग्रजीच्या अभ्यासाइतकाच प्रतिष्ठेचा आहे, ही गोष्ट या अभ्यासक्रमाने मान्य करविली.

महाराष्ट्राशी संबंध

कारमायकेल अध्यासनावर १९१७ मध्ये देवदत्त रामकृष्ण भांडारकर यांची नेमणूक झाली. ते रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचे पुत्र असून पुरातत्त्व खात्याच्या पश्चिम विभागात काम करीत होते. १९३६ पर्यंत ते कोलकात्यात प्राध्यापक होते. अशोकावरील त्यांचा ग्रंथ विशेष प्रसिद्ध आहे.

मालवण येथे जन्मलेले शंकर पुरुषोत्तम आघारकर यांची वनस्पतिशास्त्राच्या घोष अध्यासनावर निवड झाली. उच्च अभ्यासासाठी ते जर्मनीला गेले असता १९१४ मध्ये महायुद्ध सुरू झाले आणि शत्रुराष्ट्राचे प्रजाजन म्हणून ते तेथेच अडकले. युद्ध संपल्यावर डॉक्टरेट घेऊन ते परतले, तेव्हा त्यांचे अध्यासन त्यांची वाट पाहत होते. १९४६ मध्ये त्यांनी पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी या संस्थेची उभारणी केली. तिची प्रयोगशाळा आज आघारकर संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते.

गोव्यातील धर्मानंद कोसंबी यांनी आशुतोष यांच्या कुलगुरुपदाच्या आरंभीच्या काळात कलकत्ता विद्यापीठात पाली शिकविली. पुढे महाराष्ट्रात राहून बौद्ध साहित्याचे कार्य करता यावे म्हणून त्यांनी ही अधिक वेतनाची जागा सोडून सयाजीराव गायकवाड यांचे साहाय्य स्वीकारले. तारापोरवाला हेही नंतर पुण्याच्या डेक्कन महाविद्यालय संशोधन संस्थेचे संचालक झाले.

सरकारशी संघर्ष (१९२१–१९२३)

१९१७ मध्ये नेमलेल्या कलकत्ता विद्यापीठ आयोगाचे आशुतोष सदस्य होते. सर मायकेल सॅडलर यांच्या अध्यक्षतेखालील या आयोगाने १९१९ मध्ये आपला विस्तृत अहवाल दिला. त्याच सुमारास विद्यापीठाची आर्थिक घडी विस्कटली. पदव्युत्तर विभागांचा खर्च मोठ्या प्रमाणावर परीक्षा शुल्कातून भागविला जाई. पाटणा, रंगून आणि ढाका येथे नवी विद्यापीठे झाल्याने कलकत्ता विद्यापीठाचे क्षेत्र आकसले. असहकार चळवळीत अनेक विद्यार्थ्यांनी परीक्षांवर बहिष्कार टाकल्याने शुल्काचे उत्पन्नही घटले. विद्यार्थ्यांनी शिक्षण सोडावे हे आशुतोष यांना मान्य नव्हते आणि त्यामुळे त्यांना राष्ट्रीय वृत्तीच्या अनेकांचा रोष पत्करावा लागला.

अशा बिकट स्थितीत १९२१ मध्ये ते पुन्हा कुलगुरू झाले. अध्यापकांचे पगार थकले होते. बंगाल सरकारने अडीच लाख रुपयांचे अनुदान देऊ केले. मात्र त्यासोबत हिशेब आणि खर्च यांवर सरकारी देखरेखीच्या जाचक अटी घातल्या. डिसेंबर १९२२ मध्ये हा प्रश्न अधिसभेपुढे आला. पैसा आणि स्वातंत्र्य यांपैकी एकाची निवड करावयाची झाल्यास विद्यापीठाने स्वातंत्र्यच निवडावे, त्यासाठी अध्यापकांना अर्धपोटी राहावे लागले तरी चालेल, असे आशुतोष यांनी आपल्या भाषणात निक्षून सांगितले. अधिसभेने अनुदानाच्या अटी नाकारल्या.

मार्च १९२३ मध्ये त्यांची मुदत संपत आली असता गव्हर्नर लॉर्ड लिटन यांनी त्यांना पत्र लिहिले. सरकारला विरोध करण्याचे धोरण सोडून सहकार्य करण्याची हमी दिल्यास फेरनियुक्ती करू, असा त्याचा आशय होता. आशुतोष यांनी २६ मार्च रोजी सविस्तर उत्तर पाठवून अशा अटीवर पद स्वीकारण्यास स्वच्छ नकार दिला. हे उत्तर वृत्तपत्रांत प्रसिद्ध झाले आणि आजवर त्यांच्यावर टीका करणाऱ्यांनीही त्याचे स्वागत केले. त्यांच्यानंतर भूपेंद्रनाथ बसू कुलगुरू झाले.

टीका

आशुतोष यांच्या कारभारावर त्यांच्या हयातीतच बरीच टीका झाली. इतिहासकार जदुनाथ सरकार आणि मॉडर्न रिव्ह्यूचे संपादक रामानंद चट्टोपाध्याय हे त्यांचे प्रमुख टीकाकार होते. उत्पन्नाचा विचार न करता विभाग वाढविले, उत्पन्नासाठी परीक्षा सोप्या केल्या आणि विद्यापीठाची सर्व सूत्रे एकाच व्यक्तीच्या हाती एकवटली, असे मुख्य आक्षेप होते. काही विभागांत विद्यार्थी थोडे आणि अध्यापक जास्त अशी स्थिती होती. मॅट्रिकच्या लक्षावधी सामान्य विद्यार्थ्यांच्या शुल्कावर मोजक्यांचे संशोधन पोसले जाते, या आक्षेपातही तथ्य होते.

दुसऱ्या बाजूने असे म्हणता येते की, निधीची पूर्ण तरतूद होईपर्यंत थांबले असते तर यांतील बहुतेक विभाग सुरूच झाले नसते. अनुदानाच्या नकाराची झळ मात्र मुख्यतः अल्पवेतनी अध्यापकांना बसली, हेही खरे आहे. साहा आणि सत्येंद्रनाथ बसू हे दोघेही या काळात अनुक्रमे अलाहाबाद आणि ढाका येथे गेले.

कौटुंबिक जीवन

आशुतोष यांच्या पत्नीचे नाव जोगमाया देवी. त्यांच्या पुत्रांपैकी रमाप्रसाद हे न्यायाधीश झाले, श्यामाप्रसाद हे पुढे कलकत्ता विद्यापीठाचे कुलगुरू आणि राजकीय नेते झाले, तर उमाप्रसाद हे हिमालयातील प्रवासांवरील बंगाली लेखनासाठी प्रसिद्ध आहेत.

थोरली मुलगी कमला हिला बालपणीच वैधव्य आले. विधवाविवाहाचा कायदा १८५६ मध्ये झाला असला तरी उच्चवर्णीय समाजात असे विवाह क्वचितच होत. १९०८ मध्ये आशुतोष यांनी सनातनी मंडळींचा आणि आप्तांचा विरोध पत्करून तिचा पुनर्विवाह केला. दुर्दैवाने तिच्या दुसऱ्या पतीचेही लवकरच निधन झाले. १९२३ मध्ये कमलाही वारली. तिच्या स्मरणार्थ आशुतोष यांनी विद्यापीठात कमला व्याख्यानमाला सुरू केली. आईच्या नावाने त्यांनी जगत्तारिणी पदक ठेवले आणि १९२१ मध्ये ते प्रथम रवींद्रनाथ ठाकूर यांना देण्यात आले.

निधन

न्यायाधीशपदावरून निवृत्त झाल्यावर आशुतोष पुन्हा वकिली करू लागले. डुमराव संस्थानाच्या एका मोठ्या खटल्यासाठी ते पाटण्यास गेले असता अल्पशा आजाराने २५ मे १९२४ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचे पार्थिव रेल्वेने कोलकात्यास आणण्यात आले आणि केवडातला स्मशानभूमीत अंत्यसंस्कार झाले. त्यांना साठावे वर्ष पूर्ण होण्यास एक महिना उरला होता.

सन्मान आणि स्मृती

१९०३ मध्ये नवद्वीपच्या पंडितांनी त्यांना सरस्वती ही पदवी दिली. १९११ मध्ये ब्रिटिश सरकारने त्यांना सर हा किताब दिला. ते एशियाटिक सोसायटीचे आणि महाबोधी संस्थेचे अध्यक्ष होते.

भवानीपूरमधील साउथ सबर्बन महाविद्यालयाला त्यांच्या निधनानंतर आशुतोष महाविद्यालय असे नाव देण्यात आले. १९३७ मध्ये विद्यापीठाने भारतीय कलेचे आशुतोष संग्रहालय उघडले. ऐंशी हजारांहून अधिक ग्रंथांचा त्यांचा खाजगी संग्रह कुटुंबीयांनी १९४९ मध्ये कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला दिला. गणित, कायदा, इतिहास, भाषा, धर्म, वैद्यक अशा अनेक विषयांचा हा संग्रह तेथे स्वतंत्रपणे जतन केला आहे. १९६४ मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त भारतीय टपाल खात्याने तिकीट काढले.

स्वतः आशुतोष यांचे गणितातील संशोधन तिशीच्या आतच थांबले. त्यांनी उभारलेल्या विभागांपैकी बहुतेक मात्र आजही कलकत्ता विद्यापीठात सुरू आहेत.